रोगाचं नाव न घेता दहा ओळी

सन तीसच्या मार्शल लॉच्या तीन-चार वर्षं आधीची ही हकीकत. मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. वय सत्तावीस-अठ्ठावीस. इन्फ्लुएंझाच्या साथीत यजमान गेले, त्यानंतर भावानं हट्टानं शिकवलं म्हणून नोकरी तरी मिळाली. विणकरांच्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. घरमालकांच्या घरात सगळे तेलुगू बोलत. त्यांच्या धाकट्या सुनेशी माझं विशेष जमलं होतं. नळावर रांगेत उभं राहिलं की ती मला तेलुगू शिकवायची आणि मी तिला मराठी अक्षरं. दोन वर्षांत माझं तेलुगू बरं झालं. तिची अक्षरं मात्र क, ख, ग च्या पुढं गेली नाहीत, कारण कडेवरचं पोर पाटी ओढायचं.

त्या वर्षी मार्गशीर्षात गल्लीत उंदीर पडायला लागले. ज्या घरात मेलेला उंदीर सापडे, ते घर दोन दिवसांत रिकामं होई. लोक भांडीकुंडी, गोधड्या गाडीवर टाकून गावाबाहेरच्या माळावर झोपड्या बांधून राहायला जात. हातमाग तेवढे उचलून नेता येत नसत. ते जमिनीत खड्डा करून बसवलेले असत. शाळा बंद झाली. भावानं आमच्या गावाहून, करकंबहून, गाडी पाठवली आणि मी ट्रंक भरली.

ट्रंकेला कुलूप लावत होते तेवढ्यात घरमालकीणबाई दारात आल्या. धाकट्या सुनेला आदल्या दिवसापासून ताप होता आणि सकाळीच तिला प्लेगच्या तळावर नेलं होतं.

"तुम्ही एकदा चला," त्या म्हणाल्या. "तिथं आमचं बोलणं कुणाला कळत नाही. ती काय सांगते तेवढं डॉक्टरांना सांगा, आणि मग जा गावाला."

मी गाडीवानाला थांबायला सांगितलं आणि त्यांच्याबरोबर गेले. गाडीवान संध्याकाळपर्यंत थांबला आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. मी त्या तळावर फाल्गुन संपेपर्यंत राहिले.

तळ म्हणजे माळावर तट्ट्यांच्या झोपड्यांच्या दोन रांगा, एक बायकांची, एक पुरुषांची. मध्ये एक तंबू, त्यात औषधं. कडेला मोठा कडुनिंब. डॉक्टर पस्तिशीचे होते, मूळचे कोकणातले, मुंबईत शिकलेले. त्यांची मराठी छापल्यासारखी शुद्ध होती आणि सोलापुरात तिचा कुणाला फारसा उपयोग नव्हता. सिस्टर मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या होत्या. कंपाउंडर अक्कलकोटकडचा होता. त्याला कानडी पाणी प्यावं इतकं सहज यायचं, तेलुगू मात्र अंदाजानं.

सून खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. डॉक्टर विचारत होते, कंपाउंडर सांगत होता, "पोटात दुखतंय म्हणते." डॉक्टरांनी लिहिलं, पोटदुखी.

मी म्हटलं, "ती पोट म्हणत नाही. पोर कडेवर घेतलं की त्याची टाच जिथं लागते, तिथं दुखतंय म्हणते."

डॉक्टरांची लेखणी थांबली. त्यांनी सिस्टरकडं पाहिलं. सिस्टरनी पडदा लावला आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन सांगितलं, जांघेत गाठ आहे, लिंबाएवढी. परक्या पुरुषासमोर जांघ हा शब्द उच्चारायचा नाही म्हणून तिनं ही एवढी वाट वाकडी केली होती.

"आपण काय करता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"शाळेत मराठी शिकवते. तेलुगू येतं. कानडी समजतं, पण बोलताना अडखळते."

"उद्या याल?"

"उद्या गावी पोचायचंय."

"मग आज दिवसभर तरी थांबा, बाई. आज बायकांच्या रांगेत सात जणी तेलुगू बोलणाऱ्या आहेत, आणि मी त्यांचं काय ऐकतोय हे देवाला ठाऊक."

सिस्टरनी आधी मला प्लेगची लस टोचली. दोन दिवस दंड सुजला, अंगात ताप भरला. त्याच तापात मी पहिली वही शिवली. त्या वहीत मी दुखण्याचे शब्द लिहायला लागले. तेलुगूत नोप्पी, कानडीत नोवु, हे सोपे होते. पण माणसं नुसतं दुखतंय असं कधी म्हणत नाहीत. खेड्यातून आलेल्यांची कणकण वेगळी, ठसठस वेगळी, ठणका वेगळा. सांगोल्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "डोकं न्हाय दुकत, डोक्यात लई वाफ धरलीया." बेगमपेठेतली एक बाई नुसतं "जी घबरा रा" म्हणायची, आणि ती असं म्हणाली की तासाभरात तिची नाडी बिघडते हे सिस्टरच्या ध्यानात आलं. मी शब्दापुढं त्याचा अर्थ लिहायची, डॉक्टर त्यापुढं आपल्या विद्येतला अर्थ लिहायचे. पंधरा दिवसांत ते रांगेतून फिरताना वही काखोटीला घेऊनच फिरू लागले.

प्लेगवर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. हृदयाला जोर येईल असं मिक्श्चर, गाठीवर पोटीस, पाणी पाजणं, अंग पुसणं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रोग्याला निजवून ठेवणं. ताप उतरतोय असं वाटून माणूस उठायचा, चार पावलं टाकायचा आणि कोसळायचा. हृदय साथ देत नसे. डॉक्टर रोज तेच सांगत, आणि रोज कुणीतरी उठत असे.

पौषात मरणं वाढली. डॉक्टर बदलत चालले. आधी ते रोग्याच्या खाटेशी वाकून बोलायचे, आता उभ्या उभ्या बोलू लागले. मग नावं गेली. "सहा नंबरला पाणी द्या, अकरा नंबर गेला का?" असं. दाढी वाढली होती. जेवणाचा डबा तसाच परत जायचा.

एके दिवशी सकाळी एक धनगराची म्हातारी आली. बगलेत गाठ, अंग तापलेलं, आणि खांद्यावर काळी घोंगडी. रोग्याबरोबर आलेली पांघरुणं जाळायची असा तळावरचा नियम होता, पिसवांमुळं. म्हातारी घोंगडी सोडेना.

"जाळायची असंल तर मला बी संगं जाळा," ती म्हणाली. "मी न्हाय देनार."

डॉक्टरांनी घोंगडी धरून ओढली. म्हातारी खाटेवरून खाली आली. डॉक्टर तिच्यावर इतक्या मोठ्यानं ओरडले की पुरुषांच्या रांगेतली माणसं उठून बसली. मग घोंगडी तिथंच टाकून ते तंबूत निघून गेले.

मी म्हातारीला उचलून खाटेवर ठेवलं. "आजी, कुणाची घोंगडी?" एवढंच विचारलं. तिनं सांगितलं ते असं. घोंगडीची लोकर तिच्या स्वतःच्या मेंढरांची. त्यातली पांढरी रेघ एका मेंढीची, जिला तिनं आईविना वाढवलं, चुलीपाशी निजवून. नवरा गेला, मेंढरं गेली, रेघ राहिली. मी जाऊन सिस्टरना विचारलं, जाळण्याशिवाय दुसरा उपाय नाही का? सिस्टर म्हणाल्या, कपडे कडक उन्हात चार दिवस उलटेपालटे टाकले तरी पिसवा मरतात, पण रोज लक्ष कोण ठेवणार? मी म्हटलं, मी ठेवते. घोंगडी लांब खडकावर पसरली. म्हातारी खाटेवरून दाराच्या फटीतून ती बघत पडून राहायची. घोंगडी दिसत होती म्हणून ती उठली नाही. ती जगली.

पण त्या दिवशी दुपारी मी तंबूत गेले तेव्हा डॉक्टर खुर्चीवर नुसते बसून होते.

"बाई," ते म्हणाले, "मी ओरडलो याचं मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. काल तीन गेले, त्याचंही वाटलं नाही. मला कशाचंच काही वाटेनासं झालंय, आणि भीती वाटते ती एवढ्याचीच."

मी डॉक्टर नव्हते, साधुसंत नव्हते. मला निबंध तपासता येत होते. शाळेत एखादी मुलगी मन लावीनाशी झाली की मी तिला लिहायला बसवायची. तेच तोंडातून निघालं.

"तुम्ही रोज दहा ओळी लिहा. एका रोग्याविषयी. फक्त त्यात रोगाचं नाव नको, तापाचा आकडा नको."

ते मला मूर्खात काढतील असं वाटलं. पण ते इतके थकले होते की त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर आम्ही कडुनिंबाखाली बसलो. सिस्टर आल्या, कंपाउंडर आला, आणि तळाची सफाई करणारी बाई थोडी लांब बसली. डॉक्टरांनी कागद पुढं केला. लिहिलं होतं, "पुरुष, वय अंदाजे पस्तीस, धंदा विणकर, अंगानं सडपातळ, अस्वस्थ, वारंवार उठतो." पुढं कोरं.

माझ्याकडं लाल पेन्सिल होतीच. मी सगळ्यावर रेघ मारली. "हे तुमच्या दवाखान्याच्या कागदावर आधीच आहे. नापास."

सिस्टर हसल्या. कितीतरी दिवसांनी तळावर कुणी हसलं असेल. डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "मग मला लिहायला काही माहीतच नाही त्याच्याबद्दल." म्हणाले आणि उठून त्या विणकराच्या खाटेशी जाऊन बसले. मला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं.

हा विणकर दिवसातून दहा वेळा उठायचा. शेवटी त्याला लुगड्याच्या पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवलं होतं. सगळ्यांची समजूत, वातात आहे, भ्रमात उठतो. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "कुठं जायचं आहे तुम्हाला?" मी तेलुगूत सांगितलं. तो म्हणाला, मागाकडं. का? तर बहिणीच्या लग्नाचं लुगडं मागावर अर्धं झालंय. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तसाच ताणलेला आहे. घरं धुवायला औषधवाले येतात ते घरात जे असेल ते कापून बाहेर फेकतात, असं त्यानं ऐकलं होतं. एकदा ताणा कापला की संपलं. तो वातात नव्हता. त्याला त्याच्या कामाची काळजी होती.

डॉक्टरांनी तिथंच बसून घरं धुणाऱ्यांच्या मुकादमाला चिठ्ठी लिहिली, अमुक घरातल्या मागाला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला सकाळीच गल्लीत धाडलं. तो बघून आला, ताणा जसाच्या तसा होता. विणकराला ही बातमी स्वतः तेलुगूत सांगायची असा डॉक्टरांनी हट्ट धरला. माझ्याकडून वाक्य घोकून घेतलं. पण त्यांच्या कोकणी जिभेवर ते वाक्य असं काही वळलं की विणकर हसला आणि त्यानं ते दुरुस्त करून दिलं. मग डॉक्टरांनी आपल्या हातानं त्या पट्ट्या सोडल्या. तो पडून राहिला. पुढं पंधरा दिवस पडून राहिला, आणि उठला तो पायांवर नीट उभा राहायलाच उठला.

त्या दुपारी डॉक्टरांच्या दहा ओळींत लुगड्याचा रंग होता, काठ होता, बहिणीचं वय होतं. मी शेवटी "उत्तम" लिहिलं. त्यांनी तो शेरा दोन वेळा वाचला.

असा तो परिपाठ सुरू झाला. रोज दुपारी अर्धा तास. लिहायचं म्हणजे आधी विचारायला लागायचं, आणि विचारायचं म्हणजे खाटेशी बसायला लागायचं. नंबर गेले, नावं परत आली. मला हे ठरवून सुचलं होतं असं मुळीच नाही. मी फक्त मला जे येत होतं ते केलं.

सगळेच काही वाचले नाहीत. माघात सहा-सात वर्षांची एक मुलगी आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. त्या दुपारी कुणीच कागद काढला नाही. मग सफाई करणारी बाई म्हणाली, "मला लिव्हता येत न्हाय. मी सांगू का? बाई, तुमी लिवा."

मी लेखणी घेतली.

"तिला भात नगं हुता," ती म्हणाली. "तिला भाताचा वास पायजे हुता. मी गरम भाताची ताटली तिच्या नाकापाशी धरून बसले. ती म्हनली, आमच्या घरात असाच येतो. मग म्हनली, तुमी खावा आता. मी म्हनलं, खाते. तिच्यादेखत मी चार घास खाल्लं. ती बघत हुती. तिला बरं वाटलं."

एवढंच. दहा ओळीही झाल्या नाहीत. डॉक्टर उठले आणि झाडाकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग ते परत येऊन बसले आणि सफाईवाल्या बाईंना म्हणाले, "तुम्ही तिच्यासाठी केलंत ते मला सुचलं नसतं. मी तुमचा ऋणी आहे." तिनं पदर तोंडाला लावला. तिला कुणा डॉक्टरनं असं अहोजाहो कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दाढी करून आले आणि डबा पुरा खाल्ला.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही आमचे निबंध तपासता. तुमच्या दहा ओळी कुठं आहेत?"

मी टाळलं. त्यांनी दुसऱ्या दिवशीही विचारलं. तेव्हा मी लिहिल्या, आणि त्या तळावरच्या कुणाविषयी नव्हत्या. आमचे हे पोस्टात होते. पाकिटावरचं अक्षर बघून लिहिणारा माणूस कसा असेल ते सांगायचे, आणि रविवारी मला आठवड्यातली सगळ्यात चांगली अक्षरं हवेत बोटानं काढून दाखवायचे. आजारात त्यांची बोटं पांघरुणावर तशीच हलत होती. डॉक्टर आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. आत आला नाही, नाव विचारलं नाही, "चालू द्या" म्हणाला आणि गेला. काय चालू द्यायचं ते मला आजवर कळलेलं नाही. असं मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. यजमानांबद्दल चार माणसांत मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते.

डॉक्टर खाली बघत होते. "तो मी नव्हे," ते म्हणाले. "पण त्या साथीत मी मुंबईत होतो, नवा होतो, आणि दिवसाला चाळीस-चाळीस दारांत उभा राहायचो. मीसुद्धा असंच म्हणालो असेन, बाई. आत जायला धीर होत नसे. आत गेलं की माणूस दिसायचा." मग ते म्हणाले, "पोस्टातल्या त्या गृहस्थांना भेटायला मला आवडलं असतं."

नऊ वर्षं मी त्या उंबऱ्यातल्या माणसावर राग धरून होते. त्या दुपारी तो राग गेला असं म्हणणं खोटं होईल. पण तो माणूस मला पहिल्यांदा दिसला, पौषातल्या आमच्या डॉक्टरांसारखा, दाढी वाढलेला, न जेवलेला. आणि आमच्या ह्यांच्याबद्दल कुणीतरी, उशिरा का होईना, विचारलं. हे उपकार मी विसरू शकत नाही. लोक म्हणतात, मी त्या तळावर सेवा केली. मला जे मिळालं त्याच्यापुढं ती सेवा फार थोडी होती.

ऊन वाढलं तशी साथ ओसरली. घरमालकांची सून तोपर्यंत हिंडूफिरू लागली होती. तिनं तळावरच्या निवांतपणात मुळाक्षरं पुरी केली आणि आमच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. फाल्गुनात तट्टे उतरवले. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे कडुनिंबाखाली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन एका ओळीत जेवायला बसलो. सफाईवाल्या बाई उठून लांब जायला लागल्या, तेव्हा सिस्टरनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं. वही डॉक्टरांना हवी होती, मलाही हवी होती. शेवटी सिस्टरनी चिठ्ठ्या टाकल्या आणि ती डॉक्टरांकडं गेली. पुढं त्यांची बदली खानदेशात झाली. तिथल्या एका कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी दुखण्याच्या शब्दांची नवी वही सुरू केली. त्यांनी मला लिहिलं होतं की इथल्या अहिराणीत माझी जीभ तेलुगूहूनही वाईट वळते, पण रोगी दुरुस्त करून देतात.

शाळा चैत्रात उघडली. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली. पाचवीच्या वर्गात चार नावांना उत्तर आलं नाही. दोघी गावी होत्या. दोघी परत येणार नव्हत्या. पूर्वीची मी त्या नावांवर रेघ ओढून पुढच्या नावाकडं वळले असते, आणि डोळे कोरडे ठेवल्याबद्दल स्वतःला शाबासकी दिली असती. त्या दिवशी मी हजेरीपट मिटला. मुलींना पाट्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि विचारलं, "त्या दोघींबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?"

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, माझ्या शेजारी बसायची ती डबा उघडायच्या आधी आमच्या सगळ्यांच्या डब्यांचा वास घ्यायची आणि कुणाकडं काय आहे ते न बघता सांगायची." दुसरी म्हणाली, "आणि कधी चुकायची नाही." मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी त्या बोलत होत्या, आणि मी त्यांना बोलू दिलं.